विश्लेषण : मूत्राशयाच्या जुनाट वेदनांवर ‘स्टेम सेल’चा उतारा खरेच आहे का?

पनवेलहून सुटलेली हार्बर लोकल सीएसएमटीला पोहोचायला सव्वा तासाहून अधिक वेळ घेते आणि लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते. ज्यांना दर अर्ध्या तासाने लघवीला जावे लागते आणि दाबून धरले तर ओटीपोटात आग होते, त्यांच्यासाठी हा सव्वा तास म्हणजे नोकरी टिकणार की सुटणार, याचा प्रश्न असतो. लघवीच्या तपासण्या मात्र ‘नॉर्मल’ येत राहतात. अँटिबायोटिक्सचे कोर्स होतात, थोडे बरे वाटते, पुन्हा तेच. अशा थकलेल्या रुग्णाच्या मोबाइलवर एके दिवशी ‘तुमच्याच शरीरातील पेशींनी मूत्राशय नव्याने घडवा’ अशी जाहिरात येते. मुंबई-नवी मुंबई पट्ट्यात स्टेम सेल, म्हणजे मूळपेशींच्या उपचारांचा प्रचार करणारी केंद्रे कमी नाहीत. गुडघा, पाठ, ऑटिझम, मधुमेह अशी यादी लांबत जाते आणि मूत्राशयाचे दुखणेही आता त्यात दिसते. या दाव्यामागे विज्ञान किती, कायदा काय म्हणतो आणि आज रुग्णाच्या हाती खरोखर काय आहे?

हा आजार नेमका कोणता?

वैद्यकात त्याला ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ किंवा ‘ब्लॅडर पेन सिंड्रोम’ म्हणतात. मूत्राशयाशी संबंधित वाटणारी वेदना, दाब किंवा अस्वस्थता, वारंवार लघवी, आणि हे सगळे समजावून सांगेल असा जंतुसंसर्ग किंवा दुसरा आजार नसणे, अशी त्याची ओळख. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या व्याख्येनुसार ही लक्षणे सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ असावी लागतात. मूत्राशय भरत आले की दुखते आणि रिकामे केल्यावर काही वेळ बरे वाटते, ही त्यातली खूण.

मूत्राशयाच्या आतल्या भिंतीवर पेशींचे एक अस्तर असते आणि त्यावर शर्करायुक्त रेणूंचा निसरडा लेप. या लेपामुळे लघवीतील क्षार आणि आम्ल आतल्या चेतातंतूंपर्यंत पोहोचत नाहीत. काही रुग्णांत हा लेप आणि अस्तर विरळ होते, क्षार झिरपतात, भिंतीतील मास्ट पेशी चेतवल्या जातात आणि चेतातंतू अतिसंवेदनशील होतात, असे मानले जाते. काही रुग्णांत अस्तर जवळपास ठीक असते. दुखते ते ओटीपोटाच्या तळाचे आखडलेले स्नायू किंवा वेदनेचे संदेश वाढवून सांगणारी चेतासंस्था. अल्पसंख्य रुग्णांत दुर्बिणीच्या तपासणीत लालसर, सहज रक्त येणारे व्रण दिसतात. अमेरिकी शल्यविशारद गाय हनर यांनी १९१५ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून ते ‘हनर व्रण’. म्हणजे एका नावाखाली दोन-तीन वेगळे आजार असण्याची शक्यता मोठी आहे. उपचारांचे दावे तपासताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

आजार दुर्मीळ आहे हा समज चुकीचा. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत १८ वर्षांवरील २.७ ते ६.५ टक्के स्त्रियांमध्ये अशी लक्षणे आढळली आणि त्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी जणींना या आजाराचे निदान मिळाले होते. पुरुषांनाही तो होतो. त्यांच्यात तो बहुधा प्रोस्टेटच्या नावाखाली दडतो.

भारतात निदानाआधी काय वगळावे लागते?

पहिले नाव क्षयाचे. मूत्रपिंडातून मूत्राशयात उतरलेला क्षय हळूहळू मूत्राशय आकसून टाकतो. लक्षणे तीच, वारंवार लघवी आणि वेदना. साध्या कल्चरमध्ये क्षयाचे जंतू वाढत नाहीत, त्यामुळे ‘लघवीत पू दिसतो पण जंतू सापडत नाहीत’ असा अहवाल येतो. असा अहवाल हातात असलेल्या रुग्णाने क्षयाची तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना विचारायलाच हवे. मूत्राशयाचा वरवरचा कर्करोग, मुतखडा, स्त्रियांमध्ये एंडोमेट्रिओसिस आणि अलीकडे नशेसाठी घेतलेल्या केटामाइनमुळे होणारी इजा, ही पुढची नावे.

हे इथे सांगण्याचे कारण असे, की क्षय किंवा कर्करोग न वगळता कोणी मूत्राशयात पेशी टोचल्या, तर पैसे वाया जाणे हे त्यातले सर्वांत छोटे नुकसान ठरेल.

स्टेम सेलची कल्पना आली कुठून?

तर्क आकर्षक आहे. अस्तर खराब झाले असेल, तर नवे अस्तर तयार करणाऱ्या पेशी द्याव्यात. उपचारांत बहुधा वापरल्या जातात त्या ‘मेसेन्कायमल’ पेशी. त्या अस्थिमज्जा, पोटाची चरबी किंवा नाळेतून मिळतात. प्रयोगशाळेत त्यांपासून हाड, कूर्चा, चरबी तयार करता येते. १९९१ मध्ये अमेरिकी संशोधक अर्नोल्ड कॅपलन यांनी या पेशींना ‘स्टेम सेल’ हे नाव रूढ केले. पुढे २०१७ मध्ये त्याच कॅपलन यांनी हे नाव बदला, असे लिहिले. या पेशी शरीरात गेल्यावर नवे अवयव घडवत नाहीत, तर आसपासच्या पेशींना रासायनिक संदेश देतात. ‘स्टेम सेल’ या नावामुळे रुग्णांची दिशाभूल होते, असा त्यांचा मुद्दा होता. ज्याने नाव दिले त्यानेच ते मागे घ्या म्हणावे, असे विज्ञानात वारंवार घडत नाही. जाहिरातींत मात्र जुनेच नाव चालते, कारण ‘नवे अस्तर उगवते’ हे ‘काही काळ दाह कमी होऊ शकतो’ यापेक्षा चांगले विकले जाते.

आणखी एक तपशील. अनेक ठिकाणी या पेशी सलाइनमधून शिरेत दिल्या जातात. शिरेतून गेलेल्या अशा पेशींतील बहुसंख्य पेशी पहिल्या फेरीत फुप्फुसांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतच अडकतात. मूत्राशयापर्यंत किती पोहोचतात, हा प्रश्न सलाइन लावणाऱ्याला विचारायला हरकत नाही.

माणसांवर प्रयोग झाले आहेत का?

झाले आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या रुग्णांवर. उंदरांवरचे काम बरेच आहे. आम्ल किंवा केटामाइन देऊन मूत्राशयाला इजा करायची, मग पेशी द्यायच्या. लघवीच्या वेळांतील अंतर वाढते, दाह कमी होतो, असे निष्कर्ष वारंवार मिळाले. मात्र उंदराची काही दिवसांपूर्वी केलेली इजा आणि माणसाचे दहा वर्षांचे दुखणे यांत फरक आहे.

दक्षिण कोरियात, सोलमधील आसान मेडिकल सेंटर येथे मानवी भ्रूण मूळपेशींपासून तयार केलेल्या मेसेन्कायमल पेशी प्रथमच हनर व्रण असलेल्या रुग्णांच्या मूत्राशयाच्या अस्तराखाली टोचण्यात आल्या. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण होत्या तीन स्त्रिया. वर्षभरात पेशींमुळे गंभीर अपाय दिसला नाही आणि वेदना कमी झाल्याची नोंद झाली. हे आशादायक आहे, यात शंका नाही. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि अशा पहिल्या टप्प्याचा हेतू सुरक्षितता पाहणे हा असतो.

तैवानमध्ये रुग्णाच्याच रक्तातील प्लेटलेटयुक्त द्रव, म्हणजे पीआरपी, मूत्राशयात टोचण्याचे प्रयोग अधिक रुग्णांवर झाले आणि काहींना आराम पडला. पीआरपी म्हणजे स्टेम सेल नव्हे. बाजारात दोन्ही ‘रिजनरेटिव्ह’ या एकाच पाटीखाली मिळतात, एवढेच.

तुलनेचा गट एवढा महत्त्वाचा का?

या आजाराच्या बाबतीत तो फारच महत्त्वाचा आहे. पेंटोसान पॉलिसल्फेट हे या आजारावरचे प्रसिद्ध तोंडी औषध. अमेरिकेत त्याला १९९६ मध्ये मंजुरी मिळाली. त्याची ३६८ रुग्णांवर नव्याने चाचणी झाली आणि निष्कर्ष २०१५ मध्ये आले. औषध घेणाऱ्यांपैकी साधारण ४० टक्क्यांना बरे वाटले. आणि औषधच नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांपैकीही साधारण ४० टक्क्यांनाच!

याचा अर्थ रुग्ण खोटे बोलत होते असा नाही. हा आजार चढउतारांचा आहे. दुखणे टोकाला गेल्यावर माणूस नव्या उपचाराकडे वळतो आणि त्यानंतर दुखणे काहीसे ओसरणारच असते. शिवाय काळजीने केलेली तपासणी आणि आशा यांचाही वेदनेवर परिणाम होतो. साध्या गोळीने शंभरातील चाळीस जणांना बरे वाटत असेल, तर लाखो रुपये भरून, भूल घेऊन, सुई टोचून घेतलेल्यांपैकी किती जणांना वाटेल? व्हिडीओमधील पाच समाधानी रुग्ण खरे असू शकतात. त्यावरून उपचार खरा ठरत नाही.

मूत्राशयाच्या क्षेत्रात याआधी हात पोळले आहेत. अमेरिकेत अँथनी अटाला यांच्या गटाने २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सात रुग्णांच्या मूत्राशयांची बातमी दिली. पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष असलेल्या या मुलांच्या स्वतःच्या पेशी साच्यावर वाढवून त्यांचे मूत्राशय मोठे केले होते. जगभर ‘प्रयोगशाळेत मूत्राशय तयार’ असे मथळे झळकले. मग टेंजिअन या कंपनीने तेच तंत्र काटेकोर चाचणीत दहा मुलांवर वापरले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मूत्राशयाची क्षमता सुधारलेली दिसली नाही, उलट गंभीर गुंतागुंतीच अपेक्षेहून जास्त होत्या. त्याच वर्षी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. दुसरे प्रकरण ऑस्ट्रियातील इन्सब्रुकचे. स्नायूपेशी टोचून स्त्रियांची लघवी गळणे थांबते, असा २००७ मधील ‘लॅन्सेट’मधीलच निबंध पुढच्याच वर्षी मागे घ्यावा लागला, चौकशीत चाचणीच्या परवानग्या, रुग्णांची संमती आणि नोंदी यांबाबत गंभीर दोष आढळले होते.

अपाय होऊ शकतो का? पेशी तर आपल्याच असतात.

‘स्वतःच्या पेशी, म्हणून धोका नाही’ हे वाक्य ऐकायला घरचे वाटते. फ्लोरिडातील तीन महिलांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या गेल्या आणि त्यांची दृष्टी गेली. हे प्रकरण २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये नोंदवले गेले. त्या उपचारासाठी त्यांनी पैसे मोजले होते. २०१८ मध्ये अमेरिकेतच नाळेच्या रक्तापासून बनवलेले इंजेक्शन घेतलेल्या १२ जणांना जंतुसंसर्ग होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले. मूत्राशयाच्या बाबतीत जंतुसंसर्ग, रक्तस्राव, भूल आणि दीर्घकाळात पेशींची अनावर वाढ हे प्रश्न आहेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला अनेक वर्षे पाठपुरावा लागतो आणि पैसे घेऊन घरी पाठवलेल्या रुग्णाचा तो होत नाही.

भारतातील नियम काय सांगतात?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे या बाबतीत अगदी स्पष्ट आहेत. रक्ताच्या आजारांसाठीचे अस्थिमज्जा किंवा रक्तमूळपेशींचे प्रत्यारोपण हा प्रस्थापित उपचार. बाकी मूळपेशींचा रुग्णावर कोणताही वापर मंजूर वैद्यकीय चाचणीतच करता येईल. त्याबाहेरचा वापर अनैतिक असून गैरवर्तन समजला जाईल. २०१९ च्या ‘नवी औषधे व वैद्यकीय चाचणी नियमां’नी मूळपेशींपासून तयार केलेली उत्पादने ‘नवे औषध’ या व्याख्येत आणली, म्हणजे केंद्रीय औषध नियामकाची परवानगी आली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असे जाहीर केले.

भारतात मंजुरी अशक्य आहे असेही नाही. बेंगळूरुच्या स्टेम्प्युटिक्सच्या ‘स्टेम्प्युसेल’ला पायांच्या रक्तपुरवठ्याच्या गंभीर आजारासाठी आणि नंतर २०२२ मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी मान्यता मिळाली. कूर्चा आणि हाडासाठी रुग्णाच्याच पेशींपासून बनवलेल्या दोन उत्पादनांना २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. मूत्राशयाच्या वेदनांसाठी मंजूर झालेले मूळपेशींचे उत्पादन नाही.

मग हे चालते कसे? मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचे दात कमी. ‘आम्ही पेशींवर फारशी प्रक्रिया करत नाही, त्यामुळे हे औषधच नव्हे, शस्त्रक्रियेचा भाग आहे’ असा युक्तिवाद केला जातो. औषध नियामक, राज्याचे अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र वैद्यकीय परिषद आणि महापालिकेचा नर्सिंग होम विभाग यांच्यात जबाबदारी विभागलेली आहे. नर्सिंग होमच्या नोंदणीत खाटा, जागा, परिचारिका पाहिल्या जातात. आतल्या खोलीत कोणत्या पेशी कशासाठी टोचल्या जातात, ते कोण पाहणार?

नवी मुंबईचा यात वेगळा संबंध काय?

पेशी-उपचार गंभीरपणे कसा केला जातो, याचे देशातील उत्तम उदाहरणही याच शहरात आहे. खारघरला टाटा स्मारकाचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. आयआयटी मुंबईत विकसित झालेली रक्ताच्या कर्करोगावरची ‘कार-टी’ पेशी-उपचारपद्धती जून २०२१ मध्ये तेथील प्रत्यारोपण विभागात पहिल्यांदा रुग्णाला देण्यात आली. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी काढायच्या, त्यांत जनुकीय बदल करायचा, वाढवायच्या आणि परत द्यायच्या. चाचणीचे टप्पे पार पडले, दुष्परिणाम नोंदवले गेले, ऑक्टोबर २०२३ मध्ये नियामकाची मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटी मुंबईत त्याचे लोकार्पण झाले. त्याही मागे टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलेले देशातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण आहे.

थोडे मागे गेले, तर याच ठाणे-बेलापूर पट्ट्याशी पुढे जोडले गेलेले रिलायन्स लाइफ सायन्सेसचे नावही येते. ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेने सरकारी निधीसाठी पात्र ठरवलेल्या भ्रूण मूळपेशींच्या वाणांत रिलायन्सच्या सात आणि बेंगळूरुच्या ‘एनसीबीएस’च्या तीन वाणांचा समावेश होता. तेव्हा दहा वर्षांत अवयव उगवतील, असे बोलले जात होते.

आज रुग्णाने काय करावे?

पहिले उपचार दिसायला अगदीच साधे आहेत, म्हणूनच ते टाळले जातात. तीन दिवसांची लघवीची नोंदवही : किती वाजता, किती मिलिलिटर, किती दुखले. चहा-कॉफी, तिखट, आंबट, टोमॅटो, शीतपेये एकेक करून काही दिवस बंद करून कशाने त्रास वाढतो हे पाहणे; सगळ्यांना एकच पथ्य लागू पडत नाही आणि सरसकट उपासमार करायची गरज नाही. वेळ ठरवून लघवीचे अंतर हळूहळू वाढवणे.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी हा सर्वांत दुर्लक्षित उपचार. अमेरिकेतील ८१ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. या स्नायूंतील गाठी मोकळ्या करणाऱ्या प्रशिक्षित उपचाराने ५९ टक्के जणींना फायदा झाला, साध्या मसाजने २६ टक्के. इथे तुलनेचा गट आहे, हे लक्षात घ्या. लघवी गळण्यासाठी शिकवले जाणारे स्नायू आवळण्याचे व्यायाम मात्र इथे उलटे पडू शकतात. स्नायू आधीच आखडलेले असतात.

त्यानंतर गोळ्या (झोपेपूर्वी कमी मात्रेत अ‍ॅमिट्रिप्टिलीन हे नेहमीचे), नळीवाटे मूत्राशयात सोडायची औषधे, हनर व्रण असतील तर दुर्बिणीतून ते जाळणे किंवा त्यांत इंजेक्शन देणे, बोटॉक्स, चेतातंतूंना विद्युत संवेदना देणारे उपकरण असा क्रम असतो. व्रण असलेल्या रुग्णांना ते जाळल्यावर अनेक महिने आराम पडतो, म्हणून दुर्बीण तपासणी महत्त्वाची. पेंटोसान दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या दृष्टिपटलाला इजा होऊ शकते, असा इशारा अमेरिकेने २०२० मध्ये त्याच्या वेष्टनावर घालायला लावला. वर्षानुवर्षे ही गोळी घेत असाल, तर नेत्रतज्ज्ञाकडून पडदा तपासून घ्या.

तरीही कोणी स्टेम सेल देऊ केले तर?

तर ती चाचणी आहे का, हे विचारावे. असेल, तर तिची नोंद सीटीआरआय या सार्वजनिक नोंदवहीत असेल आणि तुम्ही घरबसल्या ती शोधू शकाल. नुसता नोंदणी क्रमांक म्हणजे मंजुरी नव्हे. औषध नियामकाचे परवानगीपत्र आणि नीतिमत्ता समितीची मान्यता वेगळी पाहावी लागते. पेशी कुठून घेतल्या, कुठल्या प्रयोगशाळेत वाढवल्या, मूत्राशयात कुठे आणि किती टोचणार, हे मराठीत लेखी मागावे. खऱ्या चाचणीत पेशींसाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत आणि चाचणीमुळे इजा झाली तर वैद्यकीय उपचार व भरपाईची तरतूद असते. ‘चाचणी आहे’ असे सांगून सोबत पॅकेजचा दर हाती दिला, तर उठून यावे.

पैसे आधीच भरले असतील, तर पावती, संमतीपत्र, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील संवाद जपून ठेवावा. डॉक्टरच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे, उत्पादनाबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडे आणि पैशांबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. राज्याच्या २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. ती दिसली नाही, तर तेवढ्यावरूनही महापालिकेच्या आरोग्य विभागाला पत्र लिहिता येते.